एकाच तोंडाची चाळीस मेंढरं

माझी लेक उत्कर्षा इंजिनियर झाली आन पुन्यात नोकरी लागली, तवा मी आख्ख्या गल्लीत पेढं वाटलं. पुढल्याच आठवड्यात ती म्हनली, पप्पा, मला नोकरी नगं, मला माझा सोताचा गेम करायचाय. माझं डोस्कंच फिरलं. बावीस वर्सं फौजेत काढली, आता साताऱ्याच्या एमआयडीसीत गेटवर हुबा ऱ्हातोय, ते काय पोरीनं घरात बसून खेळावं म्हनून व्हय? पर एकुलती लेक. तिनं डोळ्यात पानी आनलं की माझ्यातला हवालदार लगीच गारद. म्हनलं, येत्या दिवाळीच्या पाडव्यापतुर चालता गेम दाव, न्हाईतर गपगुमान पुन्याला जायाचं.

गनपती आलं तरी बाईसाहेब अजून इंजिनच निवडत व्हत्या. इंजिन म्हंजी ज्याच्यावर गेम बांधत्यात ते सॉफ्टवेअर, येवढं मला कळलं व्हतं. एक अनरिअल, एक युनिटी, एक गोडो. म्हयनाभर एकावर काम करायचं, मग इंटरनेटवर कुनी दुसऱ्याची तारीफ केली की मागलं समदं मोडून त्याच्यावर जायाचं. बंदूक निवडस्तवर लढाई सपली असती, असं मी तिला चारदा सुनावलं. चौथ्यांदा ती जेवलीच न्हाई, आन मग मलाबी घास जाईना.

एका आयतवारी तिनं लॅपटॉप मांडला. तिन्ही इंजिनांत एकच देखावा केलावता, माळ आन त्याच्यावर चाळीस मेंढरं. म्हनली, आज तुमी सांगा, मी तेच धरते. बाजंवर माझा बा बसल्याला, नाथाजी, घरात समदी त्येला आबा म्हनत्यात. त्येची हयात म्हसवडच्या माळावर मेंढरामागं गेली, पर साताऱ्यात आल्यापास्नं आठ वर्सं त्यो हूं का चूं करत न्हाई. तिनं त्येलाबी म्होरं बसवला.

अनरिअलमधी लोकरीचा केस न केस दिसत व्हता, पर आमचा जुना लॅपटॉप धापा टाकाय लागला. युनिटीत बरं चाललं व्हतं. गोडोत मेंढरं दिसाय साधी, पर भराभरा पळत व्हती. मी म्हनलं पयलं झ्याक, लॅपटॉप नवा घिऊ. पोरगी म्हनली, तुमच्या पगारात?

आबा मातर वाकून वाकून तिन्हीबी बघत व्हता. मग बोलला.

“पोरी, ही चाळीस न्हाईत. ही एकच मेंढी हाय, चाळीस येळा.”

उत्कर्षाचं तोंडच उतरलं. तिनं खरंच एक मेंढरू करून त्येच्या नकला मारल्या व्हत्या. तिन्हीकडं तेच. आमच्यात मेंढरं कुनी मोजत न्हाई, तोंडावरनं वळखत्यात. हजारात एक परक्याचं घुसलं तरी कळतंय. आबाला तोंडंच सापडंनात, म्हनून त्यो शोधत बसल्याला.

मग तिनं वही काढली आन आबा सांगत गेला. ही भुरी, पावसाला भ्यायची. ही डोळ्याला काळी कड असल्याली. ही फाटक्या कानाची, दुसऱ्याच्या पिल्लाला पाजायची. चाळीसच्या चाळीस. ही समदी आबाचीच, त्यो कळप मीच इकला व्हता. आय गेली, आबा एकटा पडला, म्हनून एका सकाळी येपाऱ्याच्या टेंपोत समदी भरली आन आबाला साताऱ्याला आनला. वाटलं, म्हाताऱ्याचं हाल वाचलं. त्येला मी इचारलंसुदीक न्हाई.

इंजिनाचा घोळ त्या दिवशीच मिटला. चाळीस येगळी तोंडं आपल्या लॅपटॉपवर ज्यात पळतील ते आपलं, असं म्हनून तिनं गोडो धरलं. दोन म्हयनं आजा-नात त्या लॅपटॉपला चिकटून. आबा तिच्यावर खेकसायचा, कान खाली घे, आजून खाली. ती हसून घ्यायची. गेटवरली ड्युटी सुटल्यावर मी दोगांस्नी च्या करून द्यायचो.

पाडव्याला तिनं गेम चालू केला. म्हसवडपास्नं कोकनापतुर कळप न्यायाचा, वाटंत एकबी हरवाय नगं. आबा पडद्याला बोट लावून एकेकीचं नाव घेत गेला. फाटक्या कानाच्या मेंढीपाशी बोट थांबलं. मग माझ्याकडं वळला.

“किस्ना, ही तरी इकू नगंस.”

डोळं भरून आलं, लपवावं म्हनलं तर लपंनात. उत्कर्षानं त्येचा हात धरला. म्हनली, “आबा, गेम इकाया तर लागंल. पर इकायची ती गेमची नक्कल, मेंढरं आपल्यापाशीच ऱ्हात्यात.”

आबाला ते पटंना. असं कुटं असतंय व्हय, म्हनून त्यो माझ्याच तोंडाकडं बघत बसला.

“व्हय आबा,” मी म्हनलं. “आता ह्या घरातनं कोन कुटं जात न्हाई. मेंढरंबी न्हाईत, पोरगीबी न्हाई.”