मशीनशेजारची टाकी

समुद्री जीव पाळायची काचेची टाकी घरात आली त्याच दिवशी शिलाईवालीने बजावलं होतं, की ती माझ्या मशीनशेजारी ठेवायची नाही. ती मशीनशेजारीच ठेवली गेली. नवऱ्याचं म्हणणं असं, की ऊन न येणारी आणि जमीन सपाट असलेली घरात तेवढी एकच भिंत. ओळखीच्या गवंड्याकडून लेव्हल आणून त्याने ते सिद्धही केलं. आता काचेतल्या बुडबुड्याशी कोण हुज्जत घालणार?

नवरा बसच्या आगारात मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी ओहोटी बघून बादली आणि कॅन घेऊन किनाऱ्यावर जायचा आणि खडकांतली डबकी पालथी घालायचा. तिथे त्याची शिस्त काय वर्णावी. उचललेला दगड होता तसाच ठेवायचा, कुठल्याही जातीचं एखाद-दुसरंच आणायचं, पाणीसुद्धा समुद्राचंच. घरात मात्र हाच माणूस ओला टॉवेल पलंगावर टाकायचा.

हळूहळू टाकी भरली. दगडाला चिकटून राहणारी समुद्रफुलं आली, काचेसारख्या कोळंब्या आल्या, रिकामे शंख पाठीवर घेऊन फिरणारे चिमुकले खेकडे आले. पंप दिवसभर घुरघुरायचा. मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक वाकून टाकीत बघत बसायचं, आणि वाकलेल्या माणसाचं माप घेतलं की कोट पाठीत ढगळ व्हायचा. सासूबाईंची खुर्ची तर टाकीपुढून हलेनाच.

मग एकेक प्राणी नाहीसा व्हायला लागला. आधी कोळंब्या गेल्या. मग खेकडे, सकाळी तळाशी नुसते शंख पडलेले. नवरा टाकीपुढे उकिडवा बसून विचारात पडायचा. एका सकाळी त्याची नजर तिच्या इस्त्रीवर गेली.

"तू दिवसभर वाफ सोडतेस ना, ती पाण्यात उतरत असणार," तो म्हणाला.

तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "वाफेने खेकडे मेले म्हणता? मग शंखातले खेकडे गेले कुठे? वाफ होऊन उडाले?"

"तसं नाही गं. पण खिडकीशी बसून इस्त्री करून बघ की."

बँडपथकाच्या निळ्या कोटांची ऑर्डर डोक्यावर होती. तिने मुकाट्याने इस्त्रीचं टेबल खिडकीशी ओढलं. वायर पुरेना, तर दारातून आडवी नेली. दिवसभर त्या वायरीला अडखळत राहिली, आणि दर ठेचेला नवऱ्याची आठवण काढत राहिली. खेकडे जायचे ते गेलेच.

त्याच आठवड्यात, काजं करता करता मान मोडून आली म्हणून तिने वर पाहिलं, तर टाकीतल्या मोठ्या दगडाच्या भोकातून एक डोळा तिच्याकडे बघत होता. आडव्या बाहुलीचा, शांत. तिने सुई खाली ठेवली. भोकातून एक बारीक हात बाहेर आला, त्यावर ओळीने चिकटायचे इवले पेले. मग तो आत गेला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने विजेरी घेऊन भोकात पाहिलं. काहीच दिसलं नाही.

"ऑक्टोपस? मी दगड नीट बघून आणलाय. दिवसभर सुईकडे बघून डोळे थकतात तुझे."

"आधी वाफ, आता डोळे," ती म्हणाली. "पुढे काय, माझा श्वास?"

यावर सासूबाई खुर्चीतून सावकाश म्हणाल्या, "आहे रे तो. चांगला मुठीएवढा आहे. मी दुपारी माशाचा तुकडा देते त्याला."

शिलाईवाली गर्रकन त्यांच्याकडे वळली.

"आई, तुम्हाला माहीत होतं? आणि मी खिडकीशी मरत होते ते?"

"सांगितलं असतं तर याने लगेच नेऊन सोडला असता," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं कामात असता. तो तेवढा माझ्याकडे बघतो."

शिलाईवालीने इस्त्रीचं टेबल ओढत परत जागेवर आणलं. नवऱ्याने कबूल केलं, की अशा प्राण्याला ही टाकी पुरायची नाही, सुट्टीच्या दिवशी सोडून येऊ. तोवर वर फळी ठेवायची. फळी त्याने ठेवली. तिच्यावर वजन ठेवायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिने पायडलकडे पाय नेला, तो कशावर तरी टेकला, थंडगार आणि मऊ. खाली कातरणाच्या ढिगात, निळ्या अस्तराच्या चिंध्यांमध्ये तो पसरला होता. टाकीपासून तिथवर ओली रेघ, आणि ती नेमकी बेतून ठेवलेल्या कोटाच्या बाहीवरून गेलेली. तिने किंचाळायला तोंड उघडलं खरं, पण तेवढा वेळ नव्हता. बादली ओढून तिने कॅनमधलं समुद्राचं पाणी ओतलं आणि ओल्या फडक्यात धरून त्याला आत सोडलं. एक हात तिच्या बोटाला घट्ट चिकटून राहिला. तो सुटेपर्यंत ती बादलीत हात घालून जमिनीवर बसून होती. बाही मात्र वाया गेली, नवी बेतावी लागली.

नवऱ्याला तिने आगारातून बोलावून घेतलं. ओहोटी होतीच. काठी टेकत सासूबाईही निघाल्या. त्यांना नको म्हणायची कोणाची छाती नव्हती.

खडकांच्या टोकाशी नवऱ्याने बादली पाण्यात आडवी केली. ऑक्टोपस तळाला चिकटून बसला. बाहेर अख्खा समुद्र, आणि हा बादली सोडेना.

"ओढा की," ती म्हणाली.

"ओढायचं नाही. हात तुटतो. आपणहून जाईल."

तिघंही उभी राहिली. पाणी चढायला लागलं, आधी तळव्यांशी, मग घोट्यांशी. घरी कोट पडलेले, काजं अर्धी. सासूबाई बादलीकडे बघून हलक्या आवाजात काहीबाही बोलत होत्या, ते तिने ऐकायचं टाळलं.

"वाफेचं मी उगाच म्हटलं," नवरा म्हणाला. तोंड समुद्राकडे होतं.

"डोळ्यांचंही."

"डोळ्यांचंही."

एक लाट बादलीत शिरली. परत गेली तेव्हा तो तिच्याबरोबर सरकला, क्षणभर खडकाच्या रंगाचा झाला, मग दिसेनासाच झाला. शिलाईवालीने त्यांचा दंड धरला आणि घट्ट धरून ठेवला, कारण खडक निसरडे होते आणि म्हातारीचे डोळे भरले होते.

मागे वळून बघते तर नवरा पुढच्या डबक्यावर वाकलेला, एक हात दगडाखाली.

"अहो."

"नुसतं बघतोय."

"बादली माझ्या हातात आहे," ती म्हणाली, "आणि ती रिकामीच घरी जाणार आहे."

त्याने दगड होता तसा ठेवला आणि पॅंटला हात पुसले, तिनेच परवा उसवून दुरुस्त केलेल्या पॅंटला. ती त्यावरही बोलणार होती, पण पाणी आता पोटऱ्यांशी आलं होतं आणि सासूबाईंना धरून किनाऱ्याचा चढ चढायचा होता.