शनिवारचा दगड

नंदकिशोर साटम अंधश्रद्धेवर बोलायला लागला की घाटकोपरच्या प्रयोगशाळेतले लोक चहा अर्धा टाकून उठत. दसऱ्याला गुणाजीने दगड दळायच्या यंत्राला झेंडूची माळ घातली, तेव्हा तर त्याने गुणाजीला सगळ्यांदेखत झाडलं. "हे विज्ञान आहे गुणाजी, देव्हारा नव्हे!" गुणाजी बिचारा मदतनीस. त्याने माळ काढली आणि दोन दिवस तोंड फुगवून बसला.

आणि हाच नंदकिशोर दर शनिवारी मुलुंडच्या घरातून निघताना आईपुढे मुकाट मान वाकवी. रत्नप्रभाबाई सकाळीच मारुतीला जाऊन शेंदूर आणत आणि लेकाच्या कपाळावर बोटभर ओढत. "लावून घे रे, आयुष्य वाढता." गिरणीचा संप फसला, नवरा त्या धक्क्याने गेला, तेव्हापासून बाईंना लेकाच्या जिवाचा घोर लागला होता. त्यांना नाही म्हणणं काही नंदकिशोरला जमत नसे. मग कोपऱ्यावर वळलं की रुमालाने कपाळ खसाखसा पुसायचं आणि विज्ञाननिष्ठ होऊन कामाला जायचं.

त्या वर्षी दक्षिणेतून आणलेल्या एका दगडाचं वय काढायचं काम होतं. तिथे फार पूर्वी भूकवचाचे दोन तुकडे एकमेकांवर रेटले गेले होते. ते कधी, हे दगडातलं युरेनियम सांगणार होतं. युरेनियमचं सावकाश शिसं होत जातं, त्यामुळे शिसं जितकं जास्त तितका दगड म्हातारा. पण हा दगड चक्रम निघाला. कधी अडीच अब्ज वर्षं दाखवी, कधी एकदम सहा. आणि पृथ्वीच मुळी साडेचार अब्जांची!

"म्हणजे लेक आईपेक्षा थोरला," विभागप्रमुख मृणालिनीबाई एका शनिवारी वैतागून म्हणाल्या. "बाहेरचं शिसं मिसळतंय कुठून तरी."

"गुणाजी, दुसरं कोण?" नंदकिशोर म्हणाला. "चोरून पूजा करत असणार."

"आईशप्पथ बाई, त्या माळेनंतर मी काय पण केलं नाय!"

मृणालिनीबाईंनी नोंदी चाळल्या. "सहा अब्जवाले सगळे नमुने शनिवारी दळलेत. गुणाजी, खरं सांग. नाहीतर सोमवारपासून तू गोदामात."

शनिवार म्हटल्याबरोबर नंदकिशोरचा हात खिशाकडे गेला. शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि गुणाजीच्या फडक्यावर विश्वास नाही म्हणून यंत्राच्या भांड्यावरून शेवटचा हात तो स्वतःच्या रुमालाने फिरवत असे!

गप्प राहिला असता तर कुणाला कळणारही नव्हतं. पण गुणाजी खाली मान घालून डबा पिशवीत भरायला लागला आणि नंदकिशोरला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने रुमाल काढून टेबलावर ठेवला. शेंदरी डाग सगळ्यांना दिसला.

गुणाजीने वाकून पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "हे विज्ञान आहे साहेब. देव्हारा नव्हे."

मृणालिनीबाईंना हसू आवरेना. शेवटी त्यांनी चिमट्याने रुमाल उचलला आणि नमुना म्हणून बाटलीत बंद केला.

दुपारी घरी येऊन नंदकिशोरने आईला सगळं सांगितलं. "आता शेंदूर बंद, आई. तुझ्या शेंदरामुळे त्या दगडाचं वय साडेतीन अब्ज वर्षांनी वाढलं."

रत्नप्रभाबाईंनी तांदूळ निवडायचे थांबवले. "म्हणजे तू पुसतंस?"

नंदकिशोर वाकून तांदळातले खडे वेचायला लागला.

"मेल्या, ती तुझी वरसां होती! माझ्या झिलाची! त्या दगडाक दिलंस?"

त्यांचे डोळे भरून आले. त्या उठल्या, देव्हाऱ्यातली वाटी आणली आणि त्याच्या कपाळावर चांगला चार बोटं शेंदूर फासला. नंदकिशोरचा हात सवयीने खिशात गेला. रुमाल तर बाटलीत होता. त्याने हात बाहेर काढला आणि आईपुढे मान आणखी थोडी वाकवली.