लाबादींच्या थडग्यातली जागा

अर्जेंटिनातल्या तांदिल गावाहून आलेल्या एका पत्राला मी कित्येक वर्षे उत्तर दिले नव्हते. पत्र डेल्फिना लाबादी या बाईचे होते. तिचे आजोबा बास्तियाँ आमच्या गावचे. तिला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. लाबादी या आडनावाचे मूळ कुठवर सापडते, आणि तिचे वडील एमिलिओ यांची रक्षा आमच्या गावातल्या लाबादींच्या सामाईक थडग्यात ठेवता येईल का. मरताना त्यांनी एवढेच मागितले होते.

पत्र ग्रामकचेरीत आले आणि तिथून माझ्याकडे. निवृत्त मास्तर, लग्न नाही, जुने कागद चाळायचा नाद. असली कामे मलाच देतात. शिवाय मी लाबादींचाच.

पहिला प्रश्न आवडीचा होता. कचेरीतली जन्ममृत्यूची पुस्तके पाहिली, त्याआधीच्या चर्चच्या नोंदी पाहिल्या. पो शहरातल्या दप्तरखान्यात एक अख्खा हिवाळा काढला. पण जितके मागे जावे तितके लाबादी हातातून निसटत. त्याचे नवल मला वाटायला नको होते. आमच्या डोंगरात नाव माणसाचे नसते, घराचे असते. घर थोरल्या अपत्याला मिळते, मग ती मुलगी असली तरी. तिचा नवरा नांदायला येतो आणि उंबरा ओलांडला की गाव त्याला घराच्या नावाने हाक मारू लागते. कागदावर त्याचे बापाचे आडनाव राहते, पण कागद बघतो कोण? धाकट्यांनी थोरल्याच्या गोठ्यात राबावे, नाहीतर जहाज धरावे.

माझी आजी मारी थोरली, बास्तियाँ तिचा धाकटा भाऊ. त्याने नोटरीपुढे हक्कसोडीवर सही केली आणि बोर्दोहून जहाजात बसला. मारीचा नवरा, म्हणजे माझे आजोबा, पलीकडच्या खोऱ्यातले, कुर्ताद आडनावाचे. म्हणून कागदावर मी झेर्वे कुर्ताद आणि गावाच्या तोंडी लाबादींचा झेर्वे. कागदावरही लाबादी असलेली माणसे उरली होती ती फक्त तांदिलला. हे मी तीनतीनदा पडताळून पाहिले, तरी कुठे चुकलो असेन अशी धास्ती राहिलीच.

दुसरा प्रश्न माझ्या हातातला नव्हता. मीही धाकटा, गोठ्यावरच्या खोलीत पुस्तकांसोबत राहायचो. दादा गेल्यावर घर पुतण्याचे, रेमीचे झाले होते, आणि घराबरोबर थडगेही. एका रविवारी जेवताना मी विषय काढला. बोलायला धीर यावा म्हणून वाइनचा एक पेला जास्त घेतला होता.

नोएलीवहिनी सूप वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, ते लोक गेले तेव्हा मागे वळून बघितलं नाही. आता स्वतः यायचं सोडून राख पाठवतायत होय?"

"ज्यानं घर सोडलं त्यानं थडगंही सोडलं," रेमी म्हणाला. "नाव घराचं असतं, काका. तुम्हीच तर सांगत असता सगळ्यांना."

सोडले नाही, सोडायला लावले, हे मला म्हणायचे होते. मी पावाच्या तुकड्याने ताटली पुसत राहिलो. पुढे डेल्फिनाला 'नाही' लिहायला हात धजेना आणि 'हो' लिहायचा मला अधिकार नव्हता. मसुदे केले नि फाडले.

वहिनी गेल्या, त्याच थडग्यात निजल्या. मग रेमीने घर विकले. तुलूजचे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, दोघांना डोंगरातली हवा आवडली. छप्पर गळत होते, मेंढ्या कोणी सांभाळेना, रेमीची नोकरी खाली शहरात. त्याचेही चुकले असे म्हणता येत नाही. मी पुस्तकांची खोकी घेऊन बेकरीच्या माडीवर भाड्याने राहायला गेलो.

या साली मृतांच्या सणाला मी आणि रेमी शेवंतीची कुंडी घेऊन दफनभूमीत गेलो, तर थडगे घासूनपुसून लख्ख. त्यावर तीन मोठ्या कुंड्या, पांढऱ्या शेवंतीच्या. डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसून पाने वेचत होती. घराबरोबर थडग्याचीही देखभाल येते, असे शेजारणींनी तिला सांगितले होते म्हणे. ती मनापासून करत होती, हेच वाईट. वाटेने जाणारी म्हातारी सेलेस्तीन थांबून तिला म्हणाली, "छान दिसतंय हो, लाबादीबाई." मग रेमीकडे वळली. "तू नोएलीचा ना रे? हल्ली कुठं असतोस?"

कुंडी कुठे ठेवावी ते रेमीला कळेना. शेवटी फाटकापाशी, नळाजवळ ठेवली.

"काका, मग आता आपण कोण?"

"कुर्ताद," मी म्हणालो. "कागदावर होतोच." त्याला लागावे म्हणूनच म्हणालो, आणि लागले. पण बरे वाटेल असे वाटले होते, ते वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी उत्तरेच्या भिंतीलगतची जागा स्वतःच्या नावावर घेतली. पूर्वी तिथे बिनघराच्या माणसांना पुरत. ऊन पोचत नाही म्हणून ती अजून रिकामी आहे. मग पत्र लिहायला बसलो आणि या वेळी फाडले नाही.

'तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोबतच्या पानांत आहे. त्यात चुका असतील. लाबादींच्या थडग्यात तुमच्या वडिलांना जागा नाही, आणि आता मलाही नाही. मी दुसरी एक जागा घेतली आहे. सावलीची आहे, पण दोघांपुरती आहे. दगडावर अजून काही कोरलेले नाही. लाबादी हे नाव त्यावर तुमच्या वडिलांमुळेच येऊ शकेल. तुम्ही हयात असाल आणि रक्षा अजून जवळ असेल तर घेऊन या.'

पोस्टातल्या बाईने पाकीट तोलले आणि पत्ता वाचला.

"अर्जेंटिना? तिकडं कोण आहे तुमचं, मास्तर?"

"लाबादी."

"काहीतरीच. लाबादी इथंच तर राहतात, कालच त्यांचं पार्सल आलं," ती म्हणाली, आणि पाकिटावर शिक्का मारून तिने ते थैलीत टाकले.