दापोडीत घडलेली शिट्टी

सुनीती डब्लिनहून परत आली ती २००२च्या डिसेंबरात, कंपनीचं आठ महिन्यांचं प्रोजेक्ट संपवून. आईला तिनं लोकरीची शाल आणली, शेजाऱ्यांना चॉकलेटं आणि वडिलांना एक खोका. खोक्यात वीतभरही लांब नसलेलं राखाडी रंगाचं वाफेचं इंजिन होतं आणि सोबत हातभर रूळ.

"घरमालकांनी दिलंय, केलहरकाकांनी," ती म्हणाली. "ते असली इंजिनं घरी बनवतात. शिवाय दर शनिवारी खऱ्या इंजिनावर काम करतात. तिकडे बंद पडलेला एक रेल्वेचा फाटा हौशी लोकांनी पुन्हा सुरू केलाय. सगळे फुकट राबतात."

"फुकट?" सुंदराबाईंनी विचारलं.

"उलट वर्गणी भरतात."

सुंदराबाईंनी शालीची घडी घातली. आयर्लंडबद्दलचं त्यांचं मत तिथंच ठरलं.

सीताराम ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर टर्नर होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून बोपोडीत फ्लॅटमध्ये आले, तेव्हा बाकी सामान टेम्पोत घातलं आणि व्हर्नियर कॅलिपर मांडीवर घेऊन रिक्षानं आले. आता त्यांनी तोच कपाटातून काढला, रुळांमधलं अंतर मोजलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"त्यांच्या खऱ्या रुळांमध्ये अंतर किती?"

"मला कसं माहीत असणार, बाबा? मी कोडिंग करायला गेले होते."

"विचार."

दुसऱ्या दिवशी ई-मेलनं उत्तर आलं. पाच फूट तीन इंच. आणि मॉडेलमध्ये एका फुटाला चार मिलिमीटर. ओव्हाळांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. एकवीस मिलिमीटर हवे होते. होते साडेसोळा.

"त्यांना लिही, चूक आहे."

सुनीतीनं लिहिलं की बाबांना भेट फार आवडली, फक्त त्यांना एक छोटीशी शंका आहे. ओव्हाळांनी ते वाचलं. आयुष्यभर ड्रॉइंगवरचं इंग्रजी वाचलेला माणूस.

"छोटीशी नाही, साडेचार मिलिमीटरची आहे. आमच्याकडे एवढ्यात माणसाचं प्रमोशन अडकायचं."

केलहरकाकांचं उत्तर दोन पानी होतं. चूक त्यांना मान्य होती. बाजारात मिळणारी चाकं आणि रूळ इंग्लंडच्या मापाचे असतात, म्हणून जवळजवळ सगळेच आयरिश हौशी तेच वापरतात. त्यांच्या क्लबात फक्त अकरा जण खऱ्या मापाचा आग्रह धरतात, आणि बाकीचे त्यांच्याशी बोलत नाहीत. केलहरकाका आजवर बाकीच्यांत होते. पण पुण्यात पकडले गेल्यामुळे आता ते अकरा जणांकडे गेले होते. शेवटी त्यांनी विचारलं होतं, आपण अजून लेथवर काम करता का?

विचारण्याचं कारण होतं. फाट्यावरच्या खऱ्या इंजिनाची शिट्टी फार वर्षांपूर्वी हरवली होती. सध्या तिथं एका बंद पडलेल्या दूध डेअरीची शिट्टी लावली होती. ती वाजली की आसपासच्या गाई चालत फाटकाशी येऊन उभ्या राहत आणि गाडी अडे. मूळ शिट्टीचं ड्रॉइंग नव्हतं. १९३४ सालचा एक फोटो तेवढा होता.

ओव्हाळांनी फोटोची मोठी प्रत मागवली. इंजिनाच्या चाकाचा व्यास माहीत होता. तो धरून भिंगाखाली शिट्टीचं माप काढायला त्यांना नऊ दिवस लागले. मग ते दापोडीत जुना दोस्त रंगनाथ काटे याच्या शेडवर गेले. रंगनाथनं वडिलोपार्जित शेतात बिल्डरला तीन इमारती उठवू दिल्या होत्या, पण शेड आणि जुना लेथ दिला नव्हता. का दिला नाही, हे त्याच्या मुलांना अजून कळलेलं नव्हतं.

"शिट्टी व्हय?" रंगनाथ म्हणाला. "आन् त्यांच्याकडं लेथ न्हाई?"

"आहे. पण तिथले टर्नर आता कॉम्प्युटरवर बसतात."

"आपली पोरं बी त्येच करत्यात की."

"म्हणून तर आपण दोघं इथं आहोत."

दोन रविवारी ओव्हाळ विहारातल्या वंदनेला गेले नाहीत, आणि सुंदराबाईंनी तिथं विचारणाऱ्यांना सांगितलं की ते आयर्लंडच्या कामात आहेत. तिसऱ्या रविवारी शिट्टी तयार झाली. खाली वाटी, वर उलट्या पेल्यासारखी घंटी, मधोमध दांडा. दोन्हींमधून वाफ सुटेल अशी बारीक फट होती, आणि ती सगळीकडून सारखी आहे की नाही हे ओव्हाळांनी सोळा ठिकाणी तपासलं.

सोमवारी ते पार्सल घेऊन खडकी बाजारातल्या कुरिअरच्या दुकानात गेले. फॉर्ममध्ये त्यांनी सगळं खरं लिहिलं. पाठवणाऱ्याचा व्यवसाय : दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. वस्तू : गनमेटल, एक नग.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म वाचला, मग ओव्हाळांकडे पाहिलं आणि आत गेली. आतून मॅनेजर आला. मॅनेजरनं फॉर्म वाचला आणि बाहेर गेला. तो आला तेव्हा त्याच्याबरोबर हवालदार होता.

"गन कुठाय?" हवालदारानं विचारलं.

"गन नाही. गनमेटल. तांबं आणि कथील. मंदिराच्या घंटेतही हेच असतं."

"मग हे काय आहे?"

"इंजिनाची शिट्टी."

"कुठल्या इंजिनाची?"

"आयर्लंडच्या."

हवालदारानं शिट्टी हातात घेऊन तोंडाला लावली आणि गाल फुगवले. काही झालं नाही.

"वाजत नाही," त्यानं कागदावर लिहायला घेतलं.

"तुमच्यात वाफ नाही, साहेब," ओव्हाळ म्हणाले.

हे त्यांनी वस्तुस्थिती म्हणून सांगितलं होतं, पण ते तसं घेतलं गेलं नाही. अर्ध्या तासानं ठरलं की शिट्टी आहे हे ओव्हाळांनी सिद्ध करावं, नाहीतर चौकीवर यावं. समोर पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या कॉम्प्रेसरच्या नळीला ओव्हाळांनी खिशातल्या जुन्या रबराच्या तुकड्यानं शिट्टी जोडली, तारेनं आवळली आणि पंक्चरवाल्याला टाकी पूर्ण भरायला सांगितलं. तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. हवालदार सर्वांत पुढे होता. त्याला कुणी मागे सरायला सांगितलं नाही.

ओव्हाळांनी कॉक उघडला.

खडकी बाजार थांबला. भाजीवाल्याच्या हातातला तराजू तसाच राहिला, एक सिक्स सीटर रिक्षा रस्त्यात बंद पडली आणि वरच्या मजल्यावरची एक बाई दोन्ही कानांवर हात ठेवून गॅलरीत आली. टाकी चार सेकंदांत संपली. हवालदाराची टोपी पडली होती. ती त्यानं स्वतःच उचलली.

"शिट्टी आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

मॅनेजरनं नवा फॉर्म काढला. वस्तूच्या रकान्यात त्यानं स्वतःच्या हातानं 'वाद्य' असं लिहिलं. पंक्चरवाल्यानं विचारलं, अशी एक ट्रकसाठी मिळेल का? ओव्हाळ नाही म्हणाले.

पाच आठवड्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी, फोन वाजला. सुनीतीनं थोडं बोलून रिसीव्हर वडिलांकडे दिला. "केलहरकाका आहेत. इंजिन पेटवलंय. ऐका म्हणतात."

आधी वाऱ्याचा आवाज आला, मग कुणाची तरी हाक, मग काही क्षण काहीच नाही. मग शिट्टी वाजली. लांबलचक, खालच्या पट्टीत, आणि शेवटी किंचित चिरकली. तिच्यामागून माणसांचा गलका ऐकू आला; बहुतेक टाळ्या होत्या.

लाइन कट झाली तरी ओव्हाळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून लाखभर भाग गेले असतील. त्यांतल्या एकाचंही पुढे काय झालं हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. ते विचारायचं नसतं.

"वाजली का?" सुंदराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"वाजली."

त्यांचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या. नवऱ्याकडे नीट पाहिलं, त्यांच्या हातातला रिसीव्हर काढून जागेवर ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं. ओव्हाळ बसले. त्यांनी चष्मा पुसला.

"सुनीती, लिहून घे. शेवटी चिरकते. घंटी अर्धा सूत वर घ्यायची आणि नट परत आवळायचा."

"लिहिलं. अजून काही?"

ओव्हाळांनी विचार केला.

"कळवल्याबद्दल आभारी आहे म्हणावं."