हसू दे

आमच्या स्टुडिओतली रात्र गुलाबी असायची. दिग्दर्शक कुरामोचींना काळा अंधार आवडायचा नाही. त्यांचे गुंड गुलाबी उजेडात पांढरे सूट नि काळे चष्मे घालून एकमेकांना गोळ्या घालायचे. भरदुपारी मेकअपचा डबा घेऊन त्या रात्रीत शिरताना मला झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

तोकुनागा नवा नट होता. आजवर पडद्यावर पाठमोराच मेला होता. या सिनेमात पहिल्यांदा चेहरा दिसणार होता.

"बाबांनी बजावलंय, फुमिए-सान," पावडर लावून घेताना तो म्हणाला. "याही सिनेमात थोबाड दिसलं नाही तर निइगाताला परत यायचं नि नूडल्सच्या दुकानात बसायचं."

त्यानं जाऊ नये असं मला वाटत होतं. सरळच सांगते, मला तो फार आवडायचा.

सेटवरची वस्तू काढायची असली की आमच्यात 'हसू दे' म्हणतात. खुर्ची हसू दे, म्हणजे खुर्ची उचल. का, कोण जाणे. तोकुनागाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळी लागली. तो जिन्यावरून सावकाश घसरत आला. कोपऱ्यात कुणाची तरी लाल छत्री राहिली होती. आवाज नंतर भरायचे, म्हणून कॅमेरा चालू असतानाच कुरामोची सामानवाल्यावर ओरडले, "हसू दे! अरे, हसू दे लेका!"

तोकुनागा हसला. झोपेत बाळ हसतं तसा, आणि मग मेला.

"तुला कुणी रे हसायला सांगितलं?"

"तुम्हीच की!"

सगळे पोट धरून हसले. त्याला अर्थ सांगायचं मात्र राहूनच गेलं. कच्ची फिल्म संपत आली होती, म्हणून तोच शॉट ठेवला.

स्टुडिओच्या मोठ्या साहेबांनी सिनेमा बघितला तेव्हा आम्ही मागे उभे होतो. दिवे लागले. "तो मरताना हसणारा," साहेब म्हणाले, "हसू दे त्याला."

तोकुनागा धावत पुढे गेला, कमरेत वाकला. "फार उपकार झाले, साहेब!"

अर्थ मला कळला होता, त्याला नाही. कुरामोची त्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

सिनेमा लागला. हसू होतं, छत्रीही होती. साहेब खवळले, "मी काय सांगितलं होतं?"

"हसू दे म्हणालात," कुरामोची म्हणाले. "दिलं."

तोकुनागाला न्यायला आलेले त्याचे बाबा थिएटरात आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. त्यांच्या सुरकुत्यांवर गुलाबी उजेड पडला. पडद्यावर मुलगा हसला नि मेला.

"मरतानाही दात काढतोय, गाढव," ते पुटपुटले आणि बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "दुकानाचं मी बघतो."