सुई टोचून ठेवलेली ओळ

"चुंबन आलं की आवाज खाली घ्यायचा. पान मात्र गाळायचं नाही."

लल्ला बतूलचा हा हुकूम फार जुना. आता ती या घरात नव्हती, तरी महजूबानं कपाटातून पुस्तक काढून मांडीवर ठेवलं तेव्हा कानात आधी तोच आवाज आला. पुस्तक शेवटाकडे आलं होतं. निळा रेशमी धागा ज्या पानात घातला होता, त्याच्यापुढे थोडीच पानं उरली होती.

"उघड गं बाई," समोरून फत्तूमा म्हणाली. "वसंतापासून घालिया तुरुंगाच्या दाराशी उभी आहे. तिचे पाय दुखत नसतील, माझे दुखायला लागले."

"धूळ पुसायला काढलंय."

"मग पुसता पुसता शेवटचं पान दिसलं म्हणून काय बिघडणार आहे? सालिम सुटतो की मरतो, एवढंच सांग. बाकीचं सावकाश."

"फत्तूमा," महजूबा नेहमीच्याच आवाजात, म्हणजे कान दिला तरच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "शब्द दिलाय मी."

खिडकीपाशी बसलेल्या इत्तोनं दातांनी धागा तोडला. ती तिघींत सगळ्यांत लहान. "हिचा शब्द म्हणजे हिचा रोजा. बांग झाल्याशिवाय सुटायचा नाही."

फेस शहराच्या जुन्या वस्तीतलं हे घर लल्ला बतूलचं, म्हणजे बतूलबाईंचं. गल्लीतल्या बायका तिला मअल्मा म्हणत, गुरुबाई. मांडीवर घट्ट उशी, उशीवर ताणलेलं पांढरं कापड आणि एकाच निळ्या रंगाचं रेशीम. नक्षी अशी उतरायची की कापड उलटं केलं तरी तीच दिसावी. गाठ कुठे नाही, लोंबता धागा नाही. "आपल्या कामाला उलटी बाजू नसते," असं ती नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायची. आणि त्याच्या पाठोपाठ बैठकीचे दोन नियम. जी वाचेल तिनं सुई धरायची नाही, तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांनी उचलायचं. आणि टाक्यांची ओळ अन् पुस्तकाचं प्रकरण एकदमच संपवायचं. मध्येच बांग झाली, पाहुणा आला, भट्टीवरून पाव आला की ज्या टाक्यावर असाल तिथं सुई टोचायची आणि कापड बाजूला. गोष्ट थांबली असताना एक टाकाही पुढे घालायचा नाही. पुढे गेलेला टाका वाकडा पडतो, असं तिचं ठाम म्हणणं.

पुस्तकं वजदा शहरातल्या कोण्या बाईनं लिहिलेली. गोष्टीतली घालिया मात्र फेसचीच, पण कित्येक शतकांपूर्वीची, खोगिरं शिवणाऱ्याची मुलगी. आणि कागद बनवणारा सालिम. एकेका पुस्तकात त्यांची एकदा भेट आणि एकदा ताटातूट. लल्ला बतूलला अक्षर येत नव्हतं, वाचायची ती महजूबा. पहिल्या चुंबनाला तिनं जपमाळ छातीशी धरून तौबा केली आणि त्याच श्वासात विचारलं, "मग? पुढे काय झालं?"

दुसऱ्या पुस्तकात घालिया सासरच्या दारातून फक्त आपली कात्री घेऊन बाहेर पडली. त्याच हिवाळ्यात फत्तूमा एका काखेत मुलगी आणि दुसऱ्या काखेत भरतकामाची उशी घेऊन या दारात येऊन उभी राहिली. नवरा न्यायला आला तेव्हा आतून ओरडली, "कात्री माझ्याजवळ आहे, बघ हं!" तो बिचारा का घाबरला ते त्याला स्वतःलाही कळलं नसेल. इत्तो ऐकता ऐकता महजूबाच्या बोटामागून डोळे फिरवायला शिकली आणि एक दिवस तिनं दुकानाची पाटी वाचून दाखवली. महजूबाचं काय झालं ते मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. भट्टीवाल्याकडे स्वतःचा पाव मागतानाही ती तोंडावर पदर धरणारी. पण पुस्तक हाती आलं की तिच्या तोंडून घालिया बोलायची, आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघरातही ऐकू जायची.

तिसऱ्या पुस्तकात भाऊ घालियाला बापाचं घर सोडायला सांगतात. ती उंबऱ्यावर बसून म्हणते, "या उंबऱ्याबाहेर मी माझ्या पायांनी जाणार नाही." पुढच्या ईदला लल्ला बतूलचा मुलगा तौफीक तिला सला शहरात आपल्या फ्लॅटवर न्यायला आला. ती उंबऱ्यावर बसली, जपमाळ मांडीत घेतली आणि तेच वाक्य जसंच्या तसं म्हणाली. तो परत गेला. दर ईदला येत राहिला, परत जात राहिला.

मग या वसंतात सहाव्या आणि शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण चालू असताना दुपारच्या असरच्या नमाजाची बांग झाली. वाचणारी महजूबा सोडून तिघींनी सुया टोचल्या. लल्ला बतूल वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला उठली आणि अंगणातल्या ओल्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून तिला उंबऱ्याबाहेर काढलं तेव्हा फत्तूमा म्हणाली, "आपल्या पायांनी नाहीच गेली." हसलं कोणीच नाही. लल्ला बतूलनं महजूबाची बाही पकडली होती.

"उरलेलं आधी मला. मग ह्यांना."

"हो, लल्ला. शब्द."

तेव्हापासून फत्तूमा आणि इत्तोची त्या दिवशीची कापडं सुयांसकट टोपलीत पडून होती. बाकीचं काम चालू होतं, ती दोन कापडं नव्हती. महजूबा दोनदा फोनवर बोलली. दोन्ही वेळा तौफीकच्या बायकोनं उचलला. अम्मा झोपल्यात, अम्मांना कुराणशरीफ ऐकवतो आम्ही, ती गोष्ट आता नको. महजूबानं बरं म्हणून फोन ठेवला. रोज पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर ती लल्ला बतूलच्या नावानं कुराणातली यासीन वाचत होती, आणि पुस्तकाची धूळ पुसत होती.

दारावरची कडी वाजली. इत्तो उघडून आली ती तौफीकला घेऊनच.

सभ्य माणूस. बूट बाहेर काढून, नजर खाली ठेवून आत आला. चहा नको म्हणाला, मग घेतला.

"आईचे हिवाळ्याचे कपडे न्यायचे आहेत." पिशवीतून त्यानं कागदात गुंडाळलेलं कापड काढलं. "आणि हे गिऱ्हाइकाचं असेल. तिच्यानं आता होत नाही. तुम्ही पुरं करून टाका."

फत्तूमानं हात पुढे केला.

"सांभाळून. सुई आहे आत. मला दोनदा टोचली. काढून ठेवली तर ती शोधून पुन्हा तिथंच टोचते." त्यानं पेला खाली ठेवला. "दिवसभर कापड मांडीवर, टाका एक घालत नाही. बोलतही नाही कोणाशी. डॉक्टर म्हणाले, वयानं विसर पडतो."

फत्तूमानं कापड उलगडलं. निळी ओळ पानाच्या नक्षीच्या अर्ध्यावर येऊन थांबली होती. इत्तोनं ते उलटं केलं. मागूनही तसंच, शेवटच्या टाक्यापर्यंत. सुई तिरकी खोचलेली, धागा तिच्याभोवती दोनदा गुंडाळलेला, जसा फक्त लल्ला बतूल गुंडाळायची.

इत्तो उठली, टोपलीतली दोन कापडं आणून तिनं तिसऱ्याशेजारी मांडली. प्रत्येकात सुई. मग तोंड फिरवून ती खिडकीकडे बघत राहिली.

तौफीकनं तिन्ही कापडांकडे पाहिलं. "हे काय?"

"मी सांगते," महजूबा म्हणाली. "तुम्ही आधी कपडे काढून घ्या. उजव्या हाताच्या पेटीत आहेत."

तो माडीवर गेला तशी फत्तूमा तिच्या कानाशी आली.

"ऐक. माझ्याकडे कुराणशरीफचं हिरवं मखमली वेष्टण आहे. पुस्तक मापानं बसतं त्यात. यासीन वाचायला आलेय म्हण, बाई कौतुकानं आत घेईल."

"तौबा कर."

"करते. आधी तू जा."

"फत्तूमा, अल्लाच्या कलामाआड मी सालिमला लपवू?" महजूबाचा आवाज चढला नव्हता, पण फत्तूमानं हात मागे घेतला. "आणि घालियाला तरी का लपवू? तिनं काय चोरी केलीय?"

तौफीक गाठोडं घेऊन खाली आला. महजूबा उभी राहिली. पुस्तक तिच्या हातात होतं.

"तुमची आई विसरलेली नाही, सी तौफीक," तिनं मानाचं 'सी' लावून सांगितलं. "थांबली आहे. टाक्यांची ओळ आणि गोष्टीचं प्रकरण इथं एकदमच संपतं. ती पडली तेव्हा प्रकरण अर्ध्यावर होतं. मी वाचलं की ती टाका घालील. मी उद्या येते."

त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"याच पुस्तकानं हे सगळं झालं," तो म्हणाला. "'माझ्या पायांनी जाणार नाही.' मला कळत नव्हतं का, ते वाक्य कुठलं? वर्षानुवर्षं माझ्यापासून लांब राहिली या घसरड्या घरात. माझं ऐकलं असतं तर आज चालत असती. त्या बाईच्या नादानं माझी आई पडली."

"ती ओल्या पायरीवरून पडली, सी तौफीक. पुस्तकावरून नाही पडली."

फत्तूमानं तोंडात बोळा कोंबावा तसा पदर कोंबला.

"लल्ला महजूबा, तुमचा मान आहे मला. तुम्ही सोमवार-गुरुवार रोजे धरता, सगळी गल्ली जाणते. तुम्ही या. तिच्याजवळ यासीन वाचा, घर तुमचंच आहे. पण तिचं वय आता प्रेमकथा ऐकायचं नाही."

"आधी यासीन वाचीन. मग हे."

"हे नाही. हे माझी बायको दाराशीच ठेवून घेईल."

महजूबानं पुस्तकाची कड बोटानं सारखी केली. तिच्या कपाळावर बारीक घाम आला होता.

"मग मी आत येणार नाही. तुमच्या जिन्यात बसेन. बैठकीत मी अंगणापलीकडे ऐकू जाते, भिंतीपलीकडेही जाईन. तुमचे शेजारी भले लोक असतील, त्यांना त्रास होईल, माफी मागेन मी त्यांची." ती थांबली. श्वास घेतला. "आणि तिथं चुंबन आलं तर आवाज खाली घेणार नाही. लल्लाला भिंतीतून ऐकू यायला हवं ना."

इत्तोनं खिडकीकडचं तोंड अजून फिरवलं नव्हतं, पण हसण्यानं तिचे खांदे हलत होते.

तौफीकनं गाठोडं काखेत घेतलं, दारात जाऊन बूट चढवले. एक नाडी बांधली, दुसरी बांधता बांधता थांबला. गिऱ्हाइकाचं कापड जमिनीवर होतं तिकडे पाहिलं. पुरं करून टाका असं पुन्हा म्हणाला नाही, घेऊन येऊ नका असंही म्हणाला नाही.

"चौथा मजला आहे," तो नाडीकडे बघत म्हणाला. "लिफ्ट बंद असते."

"मग जिना मोठा असेल," महजूबा म्हणाली.

तो गेल्यावर फत्तूमानं पदर तोंडातून काढला. "या बाईच्या घशात एवढं होतं? आणि आम्ही पाव मागायला तिच्याबरोबर इत्तोला पाठवत होतो!"

दुसऱ्या दिवशी गुरुवार. महजूबानं रोज्याआधी, पहाटेच्या सहरीला दोन खजूर खाल्ले, फजर पढली, यासीन वाचली. अंगणातली ती पायरी कोरडी पुसून घेतली, रोज पुसायची तशी. लल्ला बतूलचं कापड घडी करताना तिनं सुईला धक्का लागू दिला नाही. बाकीच्या दोघींची कापडं पुन्हा टोपलीत गेली.

फत्तूमा दारापर्यंत आली. तिनं रोजा सोडायला खजुरांची पुडी तिच्या हातात कोंबली.

"पुस्तक पिशवीत घाल की. हातात कशाला मिरवतेस? सगळी गल्ली बघेल."

"बघू दे."

"आणि गाडीत उघडून बघशील, माहीत आहे मला."

"नाही बघणार."

"शेवट वाईट असला तर?"

महजूबानं यावर जरा विचार केला. "लल्ला ओळ पुरी करील," ती म्हणाली. "वाईट असला तरी."

गल्ली उताराची आणि अरुंद. भट्टीचा धूर नुकता चढत होता. वळणावर कातड्यांनी लादलेलं खेचर आडवं उभं होतं आणि हाकणारा पाठमोरा उभा राहून कोणाशी तरी बोलत होता. अशा वेळी महजूबा भिंतीला चिकटून उभी राहायची, खेचर आपणहून हलेपर्यंत. आज तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि घसा साफ केला.

"वाट दे, बाबा."

पहिल्यांदा त्याला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं.