टाळी खाणारी भिंत

जव्हारच्या नाटकशाळेच्या भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि जामसरच्या तुळशीचा मान गेला. आता एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, म्हणाल. सांगते.

नाटकशाळा मागच्या शतकातली, तुळशीच्या आज्यानं खांब उभे केले तेव्हाची. सोळा सागवानी खांब, वर कौलं, तीन बाजूंना कारवीच्या काठ्यांचा कूड आणि दरबारच्या बायकांसाठी बांबूच्या चिकाचा पडदा सोडलेला माळा. मुंबईकरानं पाहिली असती तर गोठा म्हणाला असता मेला! पण दर साली भात झोडून झालं की जवळच्या जामसर गावच्या बाया येत, माती, शेण आणि भाताचा तूस कालवून कूड लिंपत. लिंपण वाळलं की त्यांतली कर्ती बाई मधोमध उभी राहून एक टाळी वाजवी. टाळी घुमून परत आली तर लिंपण पुन्हा. "भितीनं टाळी खाल्ली पायजे," ही त्यांची रीत. आणि टाळी वाजवणारीला त्या सालच्या पहिल्या खेळाला सगळ्यांच्या पुढं बसायचा मान. तुळशीच्या आईनं तो वीस वर्षं मिरवला. आई गेली, तुळशीची पाळी आली, आणि नेमके त्याच साली दरबारच्या बांधकामांवर रघुपंत ओव्हरसियर आले.

रघुपंत माणूस वाईट नव्हे, पण शेणाचं नाव काढलं की नाकाला रुमाल. त्यांनी कूड उतरवला, विटांच्या भिंती उठवल्या, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिला. "बाई, आता तुमचं इथं काम नाही," एवढंच ते तुळशीला म्हणाले. ती घरी जाऊन चुलीपुढं रडली.

चैत्रात केशवबुवांची नाटक कंपनी आली. भर दुपारी तालीम सुरू झाली. बुवांनी तान घेतली, ती समोरच्या भिंतीवर आपटून परत आली. बोलायला लागले, तर दुसरं वाक्य निघायच्या आत पहिलंच परत येऊन अंगावर पडे. बुवा पेटी ढकलून उठले. "शनिवारपर्यंत हे सुधारलं नाही तर आम्ही गाड्या जुंपतो!"

"नाचता येईना अंगण वाकडं," रघुपंत पुटपुटले खरे, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "खेळ झाला नाही तर इथं धान्याचं कोठार करा, असा दरबाराचा निरोप आहे," त्यांनी बुवांना सांगितलं.

बाजाराला आलेली तुळशी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. कोठार! तिच्या आज्याच्या खांबांना भाताची पोती टेकणार? डोईवरचा भारा तिनं दाणकन खाली टाकला, सरळ मधोमध गेली आणि एक टाळी वाजवली. टाळी तीनदा परत आली.

"बुवांच्या गळ्याला नाय काय झालं, पंत," ती म्हणाली. "तुमचं अंगणच वाकडं."

कंपनीतली माणसं खो खो हसली. रघुपंत लालबुंद झाले. बुवा मात्र हसले नाहीत. "बाई, हे सरळ करता येईल?"

"मागं जुना कूड जळणाला रचलाय. तो या भितींपुढं हातभर सोडून उभा करायचा आन् लिंपायचा. ऊन चांगलं हाय. चार दिवस द्या." मग रघुपंतांकडं वळून म्हणाली, "आन् तो रुमाल खिशात ठेवा."

दुसऱ्या दिवशी जामसरहून अकरा बाया आल्या. माती तुडवायला पाय कमी पडायला लागले तेव्हा रघुपंत बराच वेळ कडेला घुटमळले. मग बूट काढले, धोतर खोचलं आणि उतरले चिखलात! "पंत, टाच मारा टाच! देवळात प्रदक्षिणा घालताय काय?" म्हातारी सकू ओरडली. रघुपंतांनी टाच मारली.

शनिवारी सकाळी तुळशी मधोमध उभी राहिली. टाळी वाजली, माळ्याखालच्या कोपऱ्यातून हलकीशी परत आली. "त्यो कोपरा पुन्हा," ती म्हणाली. तूस कालवायला रघुपंतच आधी धावले. दुपार कलताना तिनं पुन्हा टाळी वाजवली. वाजली तिथंच विरली.

संध्याकाळी नाटकशाळा गच्च भरली. रघुपंतांनी स्वतः तुळशीला सगळ्यांच्या पुढं नेऊन बसवलं आणि आपण पार मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. तिसऱ्या अंकात केशवबुवांनी मेलेल्या लेकराला हाक मारली. ओरडून नव्हे, अगदी ओठांतल्या ओठांत. तुळशीनं मागं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेपर्यंत पदर डोळ्यांना लागले होते, आणि रघुपंतांचा रुमालही खिशातून निघाला होता, या खेपेला नाकासाठी नव्हे.

पडदा पडला. बुवा पुढं आले, आधी तुळशीला हात जोडले, मग लोकांना. तिच्या मनात आलं, आये, तू बघायला पायजे होतीस.

आणि मग जव्हारनं टाळ्या वाजवल्या. एवढ्या, की त्या रात्री भिंतीला काही त्या सगळ्या खाता आल्या नाहीत.